प्रोस्टेटच्या ऑपरेशनला हे तयारच होत नाहीयेत, काय करू?

पत्र: सिस्टर, नमस्कार. आमचे हे ६७ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत. चार वर्षं झाली प्रोस्टेटची गोळी चालू आहे, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली. तरी रात्री पाच-सहा वेळा उठतात, धार बारीक, कितीतरी वेळ उभं राहावं लागतं. डिसेंबरात भाच्याच्या लग्नाहून ट्रॅव्हल्सने येताना लघवी पूर्ण तुंबली. सर्दी होती म्हणून मेडिकलमधून गोळी घेतली होती. रात्री दोनला दवाखान्यात नळी घातली, साडेआठशे एमएल निघाली. पाच दिवसांनी नळी काढली. आता सोनोग्राफीत प्रोस्टेट ६२ ग्रॅम आहे आणि लघवी करून आल्यावरही १८० एमएल आत राहते. रक्ताच्या तपासणीत पीएसए २.४. शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन घेतात, ॲस्पिरिन ७५ पण चालू आहे. डॉक्टर दुर्बिणीतून टीयूआरपी करू म्हणतात, मुलगा म्हणतो लेझरच करा, आणि हे कशालाच तयार नाहीत. माझ्या सासऱ्यांचं पोट फाडून झालं होतं ते यांनी बघितलंय, आणि पारावरचे मित्र सांगतात की नंतर लघवी गळत राहते, माणूस कामाचा राहत नाही. गेल्या आषाढीला याच त्रासामुळे वारीलासुद्धा गेले नाहीत. काय करू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी युरोलॉजीच्या वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते. डॉक्टर नाही, त्यामुळे ऑपरेशन करायचं की नाही ते तुमचे युरोलॉजिस्ट आणि गुरुजी मिळून ठरवतील, पण ऑपरेशन झाल्यावर पेशंटच्या उशाशी रात्रभर आम्हीच असतो, म्हणून नंतर नेमकं काय काय होतं ते मी सांगू शकते, आणि मला वाटतं गुरुजींना तेच कोणी नीट सांगितलेलं नाहीये.

तुमच्या पत्रातलं "माणूस कामाचा राहत नाही" हे आधी घेते, कारण सगळं तिथेच अडलंय असं मला वाटतं. हे वाक्य मी वॉर्डात किती वेळा ऐकलंय. पेशंट डॉक्टरांना विचारत नाही, राउंड संपला, बायको चहा आणायला खाली गेली की मग हळूच आम्हाला विचारतो, आणि कित्येक जण तेवढंही विचारत नाहीत, नुसतं ऑपरेशन नको म्हणतात आणि कारण दुसरंच सांगतात, शुगर आहे, हवा थंड आहे, शेतीचं काम आहे. तर स्पष्ट सांगते. ताठरता येण्याच्या ज्या नसा असतात त्या प्रोस्टेटच्या बाहेरून जातात आणि हे ऑपरेशन आतून होतं, म्हणून बहुतेकांचं ऑपरेशनच्या आधी जसं होतं तसंच नंतर राहतं. थोड्या जणांना फरक जाणवतो, नाहीच असं नाही, आणि या वयात शुगरमुळेही तो पडतोच, त्यामुळे आधी काय परिस्थिती आहे ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगून ठेवावं. जे खरंच बदलतं ते वेगळं आहे. संबंधांच्या वेळी वीर्य बाहेर यायच्या ऐवजी उलटं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. टीयूआरपीनंतर शंभरातल्या साधारण सत्तर जणांना असं होतं, लेझरने ग्रंथी सोलून काढली तरी तेवढंच किंवा थोडं जास्तच, आणि ते बहुतेक कायमचं असतं. त्याने अपाय काही नाही, अशक्तपणा येत नाही, सुखाची जाणीव राहते. पण हे आधी माहीत नसलं तर माणूस आतून हादरतो आणि मग पारावर तेच सांगत बसतो. टॅमसुलोसिन घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे थोडंफार आधीपासूनच झालेलं असतं, आणि ड्युटास्टेराइडने काहींची इच्छाही कमी होते, ऑपरेशननंतर या गोळ्या सहसा बंदच होतात. ताई, हा परिच्छेद गुरुजींना एकट्यालाच वाचायला द्या आणि तुम्ही तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जा, तेच बरं पडेल.

दुसरी भीती लघवी गळण्याची. लघवी धरून ठेवणारा मुख्य स्नायू प्रोस्टेटच्या खाली असतो, त्याला हात न लावता काम करायचं असतं. कायमची गळती शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होते. पण सुरुवातीचे काही आठवडे घाई होते, संडासापर्यंत पोचेपर्यंत थोडी कपड्यात होते, खोकलं की थेंब येतो, हे पुष्कळांना होतं आणि लेझरने मोठी ग्रंथी पूर्ण काढली तर जरा जास्त दिवस राहू शकतं. मित्रांनी बहुतेक हाच काळ बघितलेला असणार, तिसऱ्या महिन्यात कोणी बघायला येत नाही. यासाठी व्यायाम आहे, लघवी मधेच थांबवताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा. ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केला तर जास्त फायदा. फक्त प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये.

आता तुमच्या पत्रातल्या औषधांबद्दल, कारण तीन गोष्टी मला खटकल्या. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते मूत्राशयाचं तोंडही आवळतं, आणि सोबत झोप आणणारं ॲलर्जीचं औषध असतं त्याने मूत्राशयाचा जोर कमी होतो. प्रोस्टेटवाल्या माणसाने या गोळ्या घेतल्या, वरून प्रवासात चार तास लघवी दाबून धरली की तुंबतेच. थंडीच्या दिवसांत लग्नसराईत आमच्याकडे असे पेशंट रात्रीबेरात्री यायचे. तेव्हा यापुढे मेडिकलवाल्याला आधी सांगायचं, प्रोस्टेट आहे, मग गोळी मागायची. दुसरं म्हणजे डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, म्हणजे लघवी मुळातच जास्त होते. स्वतःहून बंद करू नका, हृदयाला आणि किडनीला ती चांगली असते, पण शुगरच्या डॉक्टरांना रात्रीच्या उठण्याबद्दल सांगा, आणि ऑपरेशनच्या काही दिवस आधी ती थांबवायला सांगतात तेव्हा युरोलॉजिस्टना आणि भूलतज्ज्ञांना नावासकट सांगा की ही चालू आहे. तिसरं पीएसए, प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायला करतात ती रक्ताची तपासणी. ड्युटास्टेराइड सहा महिन्यांच्या वर घेतली की पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणजे कागदावर २.४ आहे तो खरा ४.८ च्या आसपास धरायचा. ६२ ग्रॅमच्या ग्रंथीला ४.८ म्हणजे लगेच घाबरण्यासारखं काही नाही, मोठ्या ग्रंथीत तो वाढलेला असतोच, आणि नळी घातल्यावर किंवा इन्फेक्शन झाल्यावरही काही आठवडे वाढतो, पण चार वर्षं कोणती गोळी चालू आहे हे तपासणाऱ्याला माहीत असायलाच हवं. मागचे रिपोर्ट असतील तर तेही न्या, आकडा दरवर्षी चढतोय का ते बघतील.

कॅन्सरचा विषय निघालाच आहे तर, प्रोस्टेटची ही वाढ कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. ऑपरेशन म्हणजे संत्र्याच्या फोडी काढून साल तशीच ठेवण्यासारखं आहे, आणि कॅन्सर व्हायचा असला तर बहुतेक वेळा तो त्या सालीच्या भागात होतो. म्हणून ऑपरेशन झालं तरी पीएसए तपासत राहायचा. काढलेले तुकडे बायोप्सीला पाठवतात, सगळ्यांचेच पाठवतात, त्या चिठ्ठीवर बायोप्सी शब्द बघून रडत बसलेल्या बायका मी बघितल्यात म्हणून आधीच सांगतेय.

ऑपरेशनची गरज आहे का? पुन्हा पुन्हा लघवी तुंबत असेल, वारंवार इन्फेक्शन, मूत्राशयात खडा, लघवीतून रक्त, किंवा दाबामुळे किडनी सुजली असेल तर डॉक्टर थांबू देत नाहीत. गुरुजींची लघवी एकदाच तुंबली, तीही सर्दीच्या गोळीने, त्यामुळे उद्याच करा असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही औषधं चार वर्षं पूर्ण घेऊन ही अवस्था आहे, औषधाचा जेवढा उपयोग व्हायचा तेवढा होऊन गेलाय. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, आणि किडनीची सोनोग्राफी केलीय का ते पत्रात नाही, ते बघून घ्या. धारेचा वेग मोजायची युरोफ्लो टेस्ट असते, मशीनवर नुसती लघवी करायची. आणि शुगर जुनी असेल तर मूत्राशयाचा स्नायूच थकलाय का हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, कारण अडथळा काढला आणि ढकलणारा स्नायूच थकलेला असला तर धार म्हणावी तशी सुधारत नाही.

आमच्या वॉर्डात एक आजोबा आले होते, सत्तरीचे, शेतकरी. तीन वर्षं नुसतं थेंब थेंब होत होतं, पोटात दुखत नव्हतं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही, पायाला सूज आली, जेवण जाईना तेव्हा आणलं. दोन्ही किडन्या सुजलेल्या, क्रिएटिनिन ६ च्या वर. नळी घातल्यावर किडनी बरीचशी सावरली, ऑपरेशनही व्यवस्थित झालं, पण मूत्राशय इतकी वर्षं ताणून सैल पडलेलं, ते आवळायचंच विसरलं. त्यांच्या सुनेला मी दिवसातून चार वेळा नळी घालून लघवी काढायला शिकवलं. ती मुलगी शिकली, मुकाट्याने शिकली. ते आजोबा दोन वर्षं आधी आले असते तर हे करावं लागलं नसतं, असं मला आजही वाटतं. प्रोस्टेट थांबेल एकवेळ, मूत्राशय थांबत नाही.

सासऱ्यांचं जे झालं ते पोटावर छेद देऊन बोटाने ग्रंथी काढायचं ऑपरेशन. ते प्रसिद्ध केलं पीटर फ्रेयर नावाच्या आयरिश सर्जनने, १९०० च्या सुमारास लंडनमध्ये, आणि त्याआधी हा माणूस कितीतरी वर्षं आपल्याकडे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरीला होता. अजूनही फार मोठ्या ग्रंथीला कुठे कुठे ते करतात. गुरुजींना ते लागणार नाही, ६२ ग्रॅमला पोट उघडायची वेळ येत नाही. त्यांचं लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून होईल, बाहेर एकही टाका नाही.

टीयूआरपी की लेझर, यावरून घराघरात भांडणं होतात. टीयूआरपीमध्ये विजेच्या तारेने ग्रंथी आतून थोडी थोडी तासत तुकडे काढतात. होल्मियम लेझरचं होलेप म्हणून जे ऑपरेशन आहे त्यात आतला सगळा गर सालीपासून सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि तिथे बारीक करून ओढून घेतात. वाट दोन्हीची तीच, भूलही तीच, मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालची. लेझर म्हणजे बाहेरून किरण मारतात असं तुमच्या मुलाला वाटत असेल तर तसं नाहीये. होलेपला रक्त कमी जातं, नळी सहसा लवकर निघते, शंभर ग्रॅमच्या वर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करता येत नसतील तर त्याचा फायदा ठळक आहे. पण ६२ ग्रॅमला दोन्ही चालतं आणि वर्षभराने धार कशी आहे ते बघितलं तर दोघांत फार फरक दिसत नाही. मी तर म्हणेन मशीनपेक्षा हात बघा. डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही स्वतः कोणतं जास्त करता, आणि टीयूआरपी केलं तर बायपोलर आहे का. बायपोलरमध्ये धुवायला साधं सलाइन वापरतात, जुन्या पद्धतीत ग्लायसिनचं पाणी असायचं, ते जास्त वेळात रक्तात शोषलं गेलं की सोडियम उतरून पेशंट गोंधळून जायचा. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. वाफेचं रेझूम, क्लिप लावायचं युरोलिफ्ट असेही प्रकार आलेत, त्यात वीर्याचा प्रश्न बराच कमी येतो, गुरुजींना ते फार महत्त्वाचं असेल तर विचारून बघा, पण सगळीकडे होत नाहीत आणि गुण पण टीयूआरपीइतका येत नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, टीयूआरपी बसतं का आणि लेझर बसतं का हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. ॲस्पिरिन स्वतः बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांचं मत घेऊन युरोलॉजिस्ट ठरवतील. लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ती तपासणी, आधी स्वच्छ यायला हवं. आणि हो, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायचं की टॅमसुलोसिन घेत होते, त्या गोळीने बुबुळाचा पडदा सैल पडतो, गोळी बंद केली असली तरी सांगायचं.

ऑपरेशन तासा-दीड तासाचं. तो दिवस सोपा असतो. खरं सांगायचंय ते त्यानंतरचं.

गुरुजी बाहेर येतील तेव्हा तीन तोंडांची नळी असेल. एका तोंडातून सलाइन आत जात असतं, दुसऱ्यातून लघवी आणि रक्त मिसळून बाहेर पिशवीत येतं, तिसऱ्यातून फुगा फुगवलेला असतो म्हणजे नळी निसटत नाही. ती पिशवी लाल दिसेल. माझ्यासमोर धडधाकट मुलं ती पिशवी बघून चक्कर येऊन पडलीत. थोडं रक्त लिटरभर पाण्यात पडलं तरी सगळं लाल दिसतं. कोकम सरबतासारखा रंग चालतो, हळूहळू गुलाबी होत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिकट होतो. दाट रक्त, काळ्या गुठळ्या, किंवा सलाइन आत चाललंय पण पिशवीत काही येत नाहीये आणि पोट टम्म होतंय, असं दिसलं तर लगेच सिस्टरना हाक मारा, नळीत गुठळी अडकलेली असते, सिरिंजने धुवून मोकळी करता येते. वर लटकवलेलं सलाइन संपत आलं की सांगायचं, स्वतः त्याची चक्की फिरवायची नाही. नळी असूनही लघवी लागल्यासारखं होतं, कळ येते, नळीच्या बाजूने थेंब येतात, तो फुग्याचा त्रास असतो. तेव्हा कुंथायचं नाही, औषध मागायचं.

नळी एक ते तीन दिवसांत काढतात. पहिली लघवी जळजळत होते, थोडी होते, लाल असते, आणि त्या वेळी सगळे पेशंट एकच वाक्य बोलतात, "सिस्टर, काही फरक नाही पडला." पडतो. आत जखम ताजी आहे. काहींना त्या दिवशी होतच नाही आणि नळी पुन्हा घालून घरी पाठवतात, आठवड्याने काढली की होते, त्याला ऑपरेशन फेल गेलं म्हणू नका. घरी आल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही, स्कूटर नाही, संबंध नाहीत, आणि पोट साफ राहायला हवं, इसबगोल, पपई, जे चालत असेल ते, कारण संडासला जोर केला की रक्त सुरू होतं. पाणी दिवसभरात दोन-अडीच लिटर, हृदयाच्या डॉक्टरांनी हात आखडता घ्यायला सांगितला नसेल तर, आणि संध्याकाळी सहानंतर कमी. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून.

आणि हे कॅलेंडरवर लिहून ठेवा: दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, सगळं छान चाललंय असं वाटत असताना, अचानक लघवी पुन्हा लाल होते. आतली खपली सुटते. घरात कोणाला माहीत नसलं की गोंधळ उडतो, रात्री गाडी काढून शहरात धावतात. पडून राहा, पाणी वाढवा, बहुतेक वेळा दिवसा-दोन दिवसांत थांबतं. थंडी वाजून ताप, मोठ्या गुठळ्या, लघवी पूर्ण बंद, वृषण सुजून दुखणं, पोटरी सुजून दुखणं किंवा धाप लागणं, यातलं काही झालं तर मात्र सकाळची वाट बघायची नाही, निघायचं.

धार सगळ्यात आधी सुधारते. घाई आणि सारखं सारखं जाणं निवळायला तीन महिने धरा, कधी सहा. रात्रीचं उठणं पूर्ण बंद होईल असं मी सांगणार नाही, वय, शुगर आणि ती डापाग्लिफ्लोझिन आहेच, पण पाच-सहाचं एक-दोनवर आलं तर तुमची पण झोप होईल, आणि तुम्ही पत्रात लिहिलं नसलं तरी चार वर्षं तुमची झोप झालेली नाही हे मला कळतंय. पुढच्या दहा वर्षांत शंभरातल्या दहाएक जणांना पुन्हा काही करावं लागतं, ग्रंथी वाढून किंवा आतली वाट आकसून. म्हणून धार पुन्हा बारीक झाली तर वय झालं म्हणून गप्प बसू द्यायचं नाही.

वारीचं. फेब्रुवारीत झालं तर पालखी निघेपर्यंत चार महिने मिळतात, तेवढे पुरतात. तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवून, त्यांनी हो म्हटलं तर चालू द्या त्यांना, रोज थोडं थोडं चालून आधी सवय करायची. एकच सांगते, वाटेत जागा मिळणार नाही म्हणून पाणी पिणं तोडायचं नाही, गेल्या काही वर्षांत त्यांना तीच सवय लागलेली असणार.

ॲडमिट व्हायला जाल तेव्हा बॅगेत दोन-तीन जुन्या लुंग्या टाका. नळी असताना पायजमा घालता येत नाही, आणि हॉस्पिटलचा मागून उघडा गाऊन घालून व्हरांड्यात चालायला गुरुजींसारख्या माणसाला फार लाज वाटते.